टाकीतले सात मासे

अण्णांच्या घरात मी चार वर्षं भाड्याने राहिले. तेवढ्या काळात त्यांनी त्या घरातल्या एकाही वस्तूला हिरवा टॅग दिला नाही.

टॅग म्हणजे कारखान्यात तयार मालाला बांधतात त्या जाड कागदाच्या चिठ्ठ्या. माल चांगला असला की हिरवी, शंका असली की पिवळी, नाकारला की लाल. अण्णांनी बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मालाची तपासणी करण्यात सगळी नोकरी घालवली होती. निवृत्त होताना माणसं घड्याळ नाहीतर शाल घेऊन घरी येतात, अण्णा तिन्ही रंगांच्या टॅगांचे गठ्ठे घेऊन आले. जयनगरच्या त्या घरात मग मिक्सरला पिवळा टॅग लागला, नव्या कुकरला पिवळा, फाटकाच्या कडीला लाल. माझ्या न्हाणीघरातल्या नळाला लाल टॅग होता आणि तो चार वर्षं तसाच राहिला, कारण नळ बदलायला आलेला एकही प्लंबर अण्णांच्या चौकशीतून पार पडला नाही. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. त्या एकदा म्हणाल्या, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कुठला टॅग लावलाय ते कळलेलं नाही. पेपरामागून अण्णा शांतपणे म्हणाले, "पिवळा."

त्यांचा दुसरा छळ म्हणजे "मोजलं का?" हा प्रश्न. मला ताप आलाय म्हटलं की मोजला का. ऑफिस लांब आहे म्हटलं की मोजलं का. मी सांगलीहून या कानडी शहरात नोकरीसाठी आले आणि घर बघायला त्यांच्याकडे गेले, तेव्हा एकटीच आहे, पाणी फार लागणार नाही, असं सहज बोलून गेले. अण्णांनी मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीच्या खोलीवर बादल्या मोजल्या आणि आकडा कागदावर लिहून नेला, तेव्हा घर मिळालं. मला त्यांचा राग यायचा, आणि तो राग मी लपवायचेही नाही. आमची मराठी माणसं चारशे वर्षांपूर्वी इथं आली, असं ते अभिमानाने सांगायचे. मी एकदा विचारलं, "मोजली का?" अक्का हसून हसून बेजार झाल्या. अण्णांनी आत जाऊन वंशावळीचा कागद आणला आणि पिढ्या मोजून दाखवल्या.

असा हा माणूस एका सकाळी माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "स्वल्प काम होतं तुझ्याकडं. मासे शोधायचं यंत्र बघायचंय, कंप्यूटरवर."

मला वाटलं, निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी खूळ लागतंच. पण ते यंत्र त्यांना स्वतःसाठी नको होतं. हवं होतं तिप्पण्णांसाठी.

तिप्पण्णा महिन्यातून एकदा घरी यायचे. मूळचे चिकोडीकडच्या नदीकाठचे, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच सहजतेने बोलणारे. फार पूर्वी ते अण्णांच्याच कारखान्यात प्रेसवर कामाला होते. नोकरी सोडून ते मासेमारीकडे वळले आणि शहराबाहेरच्या एका मोठ्या तलावात छोटी नाव घालून आयुष्य काढलं. त्यांना मधुमेह होता. तपासणीसाठी शहरात आले की पिशवीत मासे घेऊन यायचे, अण्णांना साहेब म्हणायचे आणि पायरीवर बसून चहा प्यायचे. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत. दोघे फारसं बोलायचे नाहीत. मी त्यांना मित्र समजत होते.

तलावाचा बांध वाढवला तेव्हा काठची चिंचेची झाडं पाण्याखाली गेली होती. त्यांचे बुंधे अजून तळाशी उभे. जाळं त्यांच्यात अडकलं की फाटलंच. तिप्पण्णांची पद्धत अशी की, दोरीला दगड बांधून तळाला सोडायचा आणि बोटांना लागणाऱ्या हिसक्यावरून ओळखायचं, खाली चिखल आहे, खडक आहे की लाकूड. इतकी वर्षं ती बोटं चुकली नव्हती. पण आता साखरेने बोटं बधिर झाली होती. दोरी हातात असूनही हातात नसल्यासारखी. एका महिन्यात दोन जाळी फाटली. उरलेलं तिसरं जाळं गेलं की नाव विकायची, असं तिप्पण्णांनी अण्णांना पायरीवर बसून सांगितलं होतं, चहाला साखर नको हे सांगावं इतक्या साध्या आवाजात.

"नाव विकली तर तो माणूस राहणार नाही," अण्णा मला म्हणाले. हे मोजलं का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांचं तोंड बघून मी कंप्यूटर सुरू केला.

तिप्पण्णांनी एक अट घातली होती. जाळ्यापेक्षा महाग वस्तू नावेत चढवणार नाही. अण्णांनी जास्त पैसे देऊन किंमत कमी सांगावी, तर अण्णांना खोटं बोलता यायचं नाही आणि तिप्पण्णा बिल मागितल्याशिवाय राहणार नाहीत. त्यामुळे स्वस्तात स्वस्त आणि तरी बोटांच्या जागी उभं राहील असं यंत्र हवं होतं. पुढचे तीन महिने माझ्या रविवारांचं काय झालं ते विचारू नका.

यंत्र तसं साधं असतं. एक सेन्सर पाण्यात बुडवायचा, तो खाली आवाज सोडतो, आवाज तळाला आपटून परत येतो, किती वेळात आला त्यावरून पडद्यावर खोली दिसते. तळ कठीण असला की रेघ जाड आणि ठळक, चिखल असला की पुसट. मधेच काही उभं असलं की रेघ वर उसळते. मी वाचून दाखवायची, अण्णा वहीत लिहून घ्यायचे. कुठल्या कंपनीने काय दावा केलाय ते एका बाजूला, आणि समोर मोठ्या अक्षरात: कोणी मोजलं?

पहिला प्रकार चेंडूसारखा होता. पाण्यात फेकायचा आणि चित्र मोबाइलवर बघायचं. किमतीत बसत होता, मला आवडलाही होता. अण्णांनी माझा मोबाइल मागून घेतला. अक्कांचे भांडी घासायचे रबरी हातमोजे एकावर एक असे दोन जोड हातात चढवले, बोटं पाण्यात बुडवली आणि पडदा सरकवायला लागले. पडदा काही केल्या हलेना. मी म्हटलं, अण्णा, मोजे घालून कोण चालवतं? ते म्हणाले, "त्याची बोटं आता अशीच आहेत." चेंडू रद्द झाला.

इथल्या शिवाजीनगरच्या दुकानातही ते मोजे घेऊनच गेले. बसस्टँडमागच्या गल्लीत एक दुकानदार होता, त्याच्याकडे नावेची इंजिनं, पंप आणि असली यंत्रं मिळायची. त्याने रंगीत पडद्याचं एक झकास यंत्र काढलं. अण्णांनी ते उचललं आणि सरळ रस्त्यात ऊन शोधत निघाले. भर दुपारी, बसेसच्या गर्दीत, दोन्ही हातांत भांड्यांचे मोजे घालून एक म्हातारा छोटा पडदा डोळ्यांसमोर धरून उभा आहे आणि कंडक्टर त्याला बाजूला हो म्हणून ओरडतोय, हे दृश्य मी आयुष्यभर विसरणार नाही. दुकानदाराला वाटलं, माणूस यंत्र घेऊन पळाला. तोही मागे धावला. उन्हात रंग दिसत नाहीत, असा निकाल देऊन अण्णा परत आले. दुकानदार कन्नडमध्ये म्हणाला, टोपी घालून बघायचं सर. अण्णा म्हणाले, "सरी, बरं. टोपी यंत्राबरोबर देतोस का?"

तरी दोन यंत्रं घरापर्यंत आली. दोन्ही मी ऑनलाइन मागवलेली, परत करता येतील अशी. आणि इथे अण्णांनी आपली खरी करामत दाखवली. तलावावर न्यायच्या आधी घरी तपासायचं, असं त्यांनी ठरवलं. तपासणी खात्यातला माणूस तपासल्याशिवाय माल फाटकाबाहेर सोडतो होय? आमच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी होती, इथल्या घरांत असतेच. तिची खोली अण्णांना इंचापर्यंत पाठ होती. माहीत असलेल्या मापावर यंत्र पडताळायचं, ही त्यांची आयुष्यभराची रीत. टॅंकर येऊन टाकी काठोकाठ भरली की ते झाकण उघडायचे, पालथे पडायचे आणि सेन्सर आत सोडायचे.

पहिल्या यंत्राने टाकीची खोली दुप्पट दाखवली. लाल टॅग. दुसऱ्याने आधी बरोबर दाखवली, मग निम्मी दाखवली, आणि मग पडद्यावर माशांची चित्रं यायला लागली. अण्णांनी मोठ्याने मोजले. सात.

अक्का ओट्याजवळून बाहेर आल्या. श्रावण चालू होता, त्या महिनाभर मासे-मटणाला शिवत नसत. त्यांनी विचारलं, कुठे सात मासे? टाकीत, अण्णा म्हणाले. अक्का म्हणाल्या, "मी त्याच पाण्यात नैवेद्याचा भात लावलाय." यंत्र खोटं बोलतंय हे त्यांना पटवायला अण्णांना टाकीत बॅटरीचा झोत मारून चारही कोपरे दाखवावे लागले. त्यालाही लाल टॅग लागला.

दोन्ही परत गेली. मी वैतागले होते. इतक्या लोकांनी चांगलं म्हटलेली यंत्रं आपल्याच टाकीत कशी बिघडतात, असं मी विचारलं, तर अण्णा म्हणाले की इतक्या लोकांनी मोजलंच नसेल. तोवर गणपती होऊन गेले. तिप्पण्णांचं तिसरं जाळं एका कडेला उसवलं होतं, त्यांनी ते स्वतः शिवायचा प्रयत्न केला होता आणि सुई दोनदा बोटात घुसली तरी कळलं नव्हतं. रक्त दोऱ्याला लागलं तेव्हा कळलं. हे त्यांनी हसत सांगितलं. अण्णा उठून आत गेले आणि चहा संपेपर्यंत बाहेर आले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी ते एकटे शिवाजीनगरला गेले आणि त्याच दुकानातून एक जुनं यंत्र घेऊन आले. मॉडेल बंद झालेलं, राखाडी पडद्याचं, चार मोठ्या बटणांचं. बटणं दोन मोज्यांतूनही दाबली जात होती. पडदा उन्हात उलट जास्तच स्पष्ट दिसायचा. छोट्या बॅटरीवर दिवसभर चालायचं. जाळ्याहून स्वस्त होतं. आता फक्त टाकीचा निकाल बाकी होता.

टाकीत त्याने पाच मासे दाखवले.

अण्णा झाकणाशेजारी फरशीवर बसून राहिले. मग त्यांनी खिशातून लाल टॅग काढला, आकडे लिहिले, सही केली आणि यंत्राला बांधला. माझा संयम संपला. मी म्हटलं, तुम्हाला यंत्र घ्यायचंच नाहीये. तुम्हाला फक्त नाकारायला आवडतं. तिकडे त्या माणसाचं जाळं जाईल आणि तुम्ही इथे टॅग लिहीत बसाल. आजही ते आठवलं की मला लाज वाटते, पण मी बोलले खरी, आणि ते नेमकं फाटकात उभ्या असलेल्या तिप्पण्णांनी ऐकलं. त्यांचा तपासणीचा दिवस होता तो.

तिप्पण्णांनी माशांची पिशवी पायरीवर ठेवली. टाकीत वाकून पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, लाल टॅग वाचला. मग म्हणाले, "साहेब, आडात तोंड घालून हाक मारली तर आपलाच आवाज चारी बाजूनं परत येतोय न्हवं? ह्या एवढ्याशा टाकीत ह्यो आवाज भिंतीभिंतीला आपटत बसलाय. यंत्र शहाणं हाय. जागा खुळी हाय."

कंप्यूटरवर मी हजार गोष्टी वाचल्या होत्या, ही सुचली नव्हती. अण्णांना तर मुळीच नाही. तीन चांगली यंत्रं त्यांनी चुकीच्या जागी मोजून नाकारली होती.

मला वाटलं, आता अण्णा वाद घालतील. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "तेव्हाही तूच सांगितलं होतंस."

तिप्पण्णा म्हणाले, जाऊ द्या साहेब. पण अण्णांनी जाऊ दिलं नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं, अक्कांनाही हाक मारली, आणि अंगणात, उघड्या टाकीशेजारी, जे तीस वर्षं पोटात ठेवलं होतं ते सांगितलं.

प्रेसवर पत्र्याचे तुकडे कापले जायचे. एकदा तिप्पण्णांनी एका तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, साहेब, कड खराब येतीय, माल थांबवा. अण्णांनी मापकाने जाडी मोजली. माप बरोबर होतं. बोटाने कोणी तपासणी करत नाही, असं चारचौघांत सुनावून त्यांनी हिरवा टॅग लावला आणि सही केली. सगळा माल ग्राहकाकडून परत आला. कड खराब होती. चौकशीत अण्णांचा कागद स्वच्छ निघाला, कारण कागदावर फक्त जाडी होती. दोष प्रेस चालवणाऱ्याचा ठरला. त्याने आधीच सांगितलं होतं, एवढं एक वाक्य अण्णांनी बोलायचं होतं. ते गप्प बसले. तिप्पण्णांना प्रेसवरून काढून हमालीला लावलं, आणि पंधरा दिवसांत त्यांनी नोकरी सोडली.

"मला भीती वाटली माझ्या नोकरीची," अण्णा म्हणाले. "दुसरं काही नाही. नुसती भीती."

अक्कांना हे माहीत नव्हतं. त्या तिप्पण्णांच्या जवळ जाऊन पायरीवर बसल्या. इतकी वर्षं हा माणूस आत का येत नाही, ते मला त्या दिवशी कळलं. आणि अण्णांना एकही यंत्र का पसंत पडत नव्हतं, तेही. ज्या बोटांना त्यांनी खोटं पाडलं होतं, त्या बोटांच्या जागी ठेवण्याइतकं खरं त्यांना काहीच सापडत नव्हतं.

तिप्पण्णांनी यंत्र उचलून हातात घेतलं. मग विचारलं, "बिल कुठं हाय?" अण्णांनी खिशातून काढून दिलं. तिप्पण्णांनी आकडा वाचला, दोनदा वाचला आणि म्हणाले, रविवारी या तलावावर.

रविवारी सकाळी आम्ही तिघे त्या नावेत होतो. अण्णांनी यंत्र फळीवर पक्कं बसवलं होतं, सेन्सर बांबूला बांधून पाण्यात सोडला होता. लाल टॅग अजून लटकत होता, तलावावर सिद्ध झाल्याशिवाय तो काढायचा नाही असा त्यांचा हट्ट. तिप्पण्णांच्या दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी होत्या, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. नाव सुटायच्या आधी अण्णांनी टेप काढून तिप्पण्णांचा हात मोजला आणि वहीत लिहिला. बारा ठिकाणी तिप्पण्णांनी दगड सोडला. ते गाठी मोजून हात सांगायचे, अण्णा त्याचे फूट करायचे आणि मी पडद्यावरचा आकडा वाचायची. बाराही वेळा जुळलं. त्यांच्या दोरीत तीस वर्षांत चूक नव्हती, हे अण्णांनी मोठ्याने म्हटलं, दोनदा.

मग आम्ही चिंचांवर गेलो. तिप्पण्णांनी दगड सोडला, दोरी धरून डोळे मिटले आणि मान हलवली. बोटांना काही कळत नव्हतं. अण्णांनी बटण दाबलं. राखाडी पडद्यावरची रेघ सरळ चालली होती, आणि एकाएकी उसळली, खाली आली, पुन्हा उसळली. तिप्पण्णा मोजे न घातलेल्या पण तितक्याच बधिर बोटाने पडद्यावर एकेक झाड दाखवायला लागले. ही वाकडी चिंच. ही तिची थोरली बहीण. दहा हात पुढे गेल्यावर रेघ सपाट आणि पुसट झाली, चिखलाची. तिथे त्यांनी उसवून शिवलेलं तिसरं जाळं सोडलं.

आम्ही तासभर काठाला बसलो. अक्कांनी चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, दिलं होतं, ते अण्णांनी मला वाढलं आणि स्वतः घास घेतला नाही. जाळं ओढायला मीही हात लावला. ते सावकाश वर आलं, मासे फारसे नव्हते, पण अण्णा मासे बघतच नव्हते. ते जाळ्याचं एकेक घर बघत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चष्मा नाकावर घेऊन. कुठेही फाटलं नव्हतं.

त्यांनी यंत्राचा लाल टॅग सोडला आणि खिशात घातला. पिशवीतून हिरवा काढला. त्या रंगाचा टॅग मी पहिल्यांदाच त्यांच्या हातात पाहत होते. त्यांनी त्यावर यंत्राचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, बारा ठिकाणांची मापं लिहिली. शेवटी तपासणी करणाऱ्याच्या सहीची चौकट होती. अण्णांनी पेन तिप्पण्णांपुढे धरलं.

तिप्पण्णा हसले. "मोजलं का साहेब?"

"मोजलं," अण्णा म्हणाले. "सही तुझी लागते. तेव्हाच घ्यायला हवी होती."

तिप्पण्णांना पेन बोटांत धरता येईना. त्यांनी ते मुठीत धरलं, गुडघ्यावर टॅग ठेवला आणि एकेक अक्षर काढत कन्नडमध्ये सही केली. सही चौकटीबाहेर गेली, आकड्यांवर चढली. चौकटीबाहेर सही गेली म्हणून अण्णांनी माझा भाडेकरार दोनदा नव्याने टाइप करून घेतला होता. त्यांनी तो टॅग फुंकर घालून वाळवला आणि यंत्राला नाही, नावेला घट्ट बांधला.